झाकण तुटलं म्हणून अख्खी बाटली बदलू नका

तुम्ही विचारलंय ते असं: गाडी सहा वर्षांची, पेट्रोलवर चालणारी छोटी हॅचबॅक. काच धुवायच्या पाण्याच्या बाटलीचं निळं झाकण गेल्या पावसाळ्यात तुटून कुठंतरी पडलं. तेव्हापासून बाटलीच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी आणि रबरबँड. पाणी भरलं की चार-पाच दिवसांत संपतं, फवारा काचेच्या खालच्या कडेलाच कसाबसा पोचतो, आणि पाणी मारलं की आत गटारासारखा वास येतो. गॅरेजवाल्यांनी बाटली, मोटर, नळ्या असा पूर्ण सेट बदलायला सांगितलाय. तो बदलावा का, नुसत्या झाकणावर भागेल का, आणि घरी बोअरचं पाणी आहे, आरओही आहे, तर त्यातलं कुठलं भरावं?

सेट बदलू नका. निदान आत्ता तरी नको.

कराडजवळ महामार्गाला लागून माझं गॅरेज आहे, सव्वीस वर्षं झाली. या बाटलीची तक्रार घेऊन जेवढ्या गाड्या आल्या, त्यांत बाटली खरोखरच कामातून गेलेल्या बोटांवर मोजण्याइतक्या. बाकीच्यांत एकच गोष्ट घडलेली असते: वरून, तोंडातून काहीतरी आत गेलं आणि खाली तळाशी बसलं. ती बाटली आपण सगळे वर्षानुवर्षं भरत राहतो. रिकामी कुणीच करत नाही. घरची पाण्याची टाकी वर्षातून एकदा धुवायची असते हे आपल्याला ठाऊक असतं, पण गाडीतली ही दोन-तीन लिटरची टाकी गाडी विकेपर्यंत धुतली जात नाही. तुमच्या तिन्ही तक्रारींपैकी दोन तरी इथूनच सुरू झाल्यात असं मला वाटतं. तिसरी, म्हणजे पाणी संपण्याची, वेगळी तपासावी लागेल.

आधी आतली रचना समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. बोनेट उघडल्यावर जे दिसतं ते बहुतेक गाड्यांत बाटलीचं नुसतं नरडं असतं. खरी बाटली खाली, पुढच्या चाकाच्या पुढं, बंपर आणि चाकावरच्या काळ्या प्लास्टिकच्या मधल्या जागेत बसवलेली असते. तिच्या तळाजवळ एक भोक, त्यात रबराचं ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेला घट्ट बसणारी रबरी कडी, आणि त्या ग्रोमेटात दाबून बसवलेली बारा व्होल्टची छोटी मोटर. ग्रोमेटालाच किंवा मोटरच्या तोंडाला बारीक जाळी असते. तिथून नळी वर बोनेटखाली, तिथं बहुधा पाणी मागं येऊ न देणारा एक छोटा व्हॉल्व्ह, आणि शेवटी काचेवर पाणी उडवणारं नोझल. मागच्या काचेलाही वायपर असेल तर काही गाड्यांत दोन मोटरी असतात. काहींत एकच मोटर असते, ती सुलटी फिरली की पुढं पाणी जातं, उलटी फिरली की मागं.

आता झाकण. ते हातात घेऊन कुणी बघत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. नवं झाकण आणि तुटलेलं झाकण माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवलं की गिऱ्हाइकाला फारसं समजवावं लागत नाही. नव्याची पट्टी, म्हणजे जिनं ते नरड्याला अडकून राहतं ती, बोटाभोवती गुंडाळली तरी मोडत नाही. जुन्याची पट्टी नुसती वाकवली की पांढरी पडते आणि तट्कन तुटते. इंजिनाची धग आणि आपला एप्रिल-मे मिळून चार-पाच वर्षांत ते प्लास्टिक कडक करून टाकतात. पट्टी तुटली की झाकण पाणी भरताना बॅटरीवर किंवा बंपरवर ठेवलं जातं, आणि तिथंच राहतं. गाडी निघाली की ते गेलं. तुमचंही असंच झालं असणार.

दुसरी गोष्ट झाकणाच्या आतल्या बाजूची. काठाला एक पातळ ओठ असतो, तो नरड्यावर चपखल बसतो. आणि बऱ्याच झाकणांत टाचणीच्या डोक्याएवढं एक भोक किंवा खाच असते. पुष्कळांना ते भोक म्हणजे दोष वाटतो. एका गिऱ्हाइकानं तर त्यावर एम-सील लावून आणलं होतं, धूळ जाऊ नये म्हणून. हेतू चांगला होता, पण बाटलीतून पाणी बाहेर जायचं तर तेवढी हवा आत यायला पाहिजे. काही बाटल्यांत हवेची वाट नरड्यात किंवा बाटलीच्या अंगात वेगळी दिलेली असते, काहींत ती झाकणातूनच असते. ती बुजली की मोटर पाणी ओढते, आत निर्वात तयार होतो आणि धार मरते.

हे तपासायला काहीच लागत नाही. बाटली गळ्यापर्यंत भरा, झाकण (किंवा तुमच्या बाबतीत ती पिशवी) घट्ट लावा, दोन-तीन वेळा पाणी मारा. धार हळूहळू लहान होत गेली, आणि झाकण उघडताना ‘फस्’ असा आवाज येऊन पुन्हा मारल्यावर धार वर चढली, तर हवेची वाट बंद आहे. बाटली भरलेली असतानाच बघा, कारण तेव्हा आत हवा थोडी असते आणि फरक लगेच कळतो. अर्धी रिकामी असेल तर आतली हवाच बराच वेळ सांभाळून घेते आणि तुम्ही फसता. घट्ट बांधलेली पिशवी ही हवाबंद झाकणासारखीच. म्हणून ती आजच काढा. शिवाय बोनेटखालच्या उष्णतेत रबरबँड महिन्याभरात चिकट होऊन तुटतो, आणि सुटलेली पिशवी रेडिएटरच्या पंख्यात किंवा बेल्टमध्ये गेली तर भलतंच काम निघेल.

नवं झाकण येईपर्यंत काय, तर सायकलच्या जुन्या ट्यूबचा गोल तुकडा कापा, मध्ये सुईनं एकच भोक पाडा, नरड्यावर ताणून बसवा आणि केबल टायनं आवळा. आठ-पंधरा दिवस निर्धास्त चालतं. पाण्याच्या बाटलीचं बूच कोंबू नका. ते एक दिवस आत पडतं आणि मग खरोखरच बाटली उतरवायची वेळ येते.

उघड्या तोंडातून काय काय जातं? धूळ तर जातेच. आमच्याकडं ऊस सुरू झाला की पाचटाचा भुगा जातो. झाडाखाली गाडी लावत असाल तर गुलमोहराची ती बारीक पानं, ती थेट जाळीपर्यंत पोचतात. डास अंडी घालतात, कारण साठलेलं गोडं पाणी त्यांना आणि काय वेगळं असतं? एकदा नरड्यातून पाल निघाली होती. उंदराबद्दल मात्र लोकांचा गैरसमज आहे. तो बहुधा तोंडातून आत शिरत नाही, तो बाहेरच्या नळ्या आणि वायरी कुरतडतो. पार्किंगमध्ये उंदीर असतील आणि मोटरचा आवाज नीट येऊन पाणी अजिबात येत नसेल, तर पहिली शंका कुरतडलेल्या नळीची घ्या.

आता बाटली रिकामी करायची. ती काढायची गरज नाही. गाडी सपाट जागी, इंजिन बंद, थंड. स्टेअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा, म्हणजे चाकावरच्या काळ्या लायनरच्या पुढच्या क्लिपा हाताशी येतात. तीन-चार क्लिपा काढल्या की लायनर वाकवून आत हात जातो. नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली झोपू नका. चाक वळवून भागत नसेल तर हे काम गॅरेजमध्येच द्या. मोटरचा प्लग काढा, खाली टब ठेवा आणि मोटर हळूहळू हलवत ग्रोमेटातून वर ओढा. ग्रोमेटाच्या भोकातून सगळं पाणी टबात येईल.

त्या पाण्याचा पहिला पेला मी नेहमी पांढऱ्या मगमध्ये धरतो आणि पाच मिनिटं ठेवून देतो. तेवढ्यात ते दोन थरांत वेगळं होतं. खाली बोटाच्या पेराएवढा तपकिरी गाळ, त्यात चुन्यासारखे पांढरे कण, वर तरंगणारा हिरवट बुळबुळीत पापुद्रा. मग जरा हलवला की पापुद्रा जेलीसारखा एकसंध हलतो. तुमच्या गाडीतला वास या पापुद्र्याचा आहे. काचेखाली, वायपरच्या बुडाशी जी जाळी असते, तिथूनच एसीची ताजी हवा आत येते. काचेवर मारलेलं पाणी तिथं ओघळलं की वास सरळ तुमच्या नाकात. आणि हा पापुद्राच जाळीवर बसून धार मारतो.

वास ही नुसती गैरसोय आहे असं समजू नका. इंग्लंड आणि वेल्समध्ये गाडी चालवणाऱ्यांचा एक अभ्यास झाला, तो २०१० साली प्रसिद्ध झाला. बाटलीत काच धुवायचं द्रावण न घालता नुसतं साधं पाणी वापरणाऱ्यांमध्ये लीजनेला जिवाणूमुळं होणाऱ्या न्यूमोनियाचा धोका जास्त दिसला. हे जिवाणू कोमट, साठलेल्या पाण्यात वाढतात आणि बारीक तुषारांतून श्वासावाटे आत जातात. म्हणून घाबरून जायचं कारण नाही. पण घरात वयस्कर माणसं किंवा छातीचा त्रास असलेलं कुणी असेल, तर वास येणारं पाणी महिनोन् महिने उडवत बसू नये, एवढं मी प्रत्येकाला सांगतो. आणि हे धुताना तोंडाला रुमाल बांधा.

बाटली रिकामी झाली की भोकाला बोट लावून वरून कोमट पाणी घाला. उकळतं नको, प्लास्टिक वाकडं होतं. खळबळवा, सोडा. असं पाणी स्वच्छ येईपर्यंत करा, बहुधा चार-पाच फेऱ्या लागतात. भिंतीला पांढरा खडू बसलेला दिसत असेल तर एक भाग पांढरं व्हिनेगर आणि तीन भाग पाणी घालून अर्धा तास ठेवा, चुना विरघळतो. मग पुन्हा दोनदा साधं पाणी. ब्लीचिंग किंवा फिनेल घालू नका. ते राहिलंच तर रबर आणि रंग दोन्हीला लागतं, आणि त्याचे तुषार नाकात जाणं चांगलं नाही.

ग्रोमेट बाहेर काढून बघा. नखानं दाबलं आणि ते परत फुगलं तर चांगलं. दगडासारखं कडक झालं असेल, काठाला बारीक भेगा असतील, तर पाणी संपण्याचं कारण तुमच्या हातातच आहे. नवं बसवताना साबणाच्या पाण्यात बुडवून बसवा. ग्रीस किंवा इंजिन ऑईल लावू नका. आमच्याकडं नवी पोरं हटकून ग्रीस लावतात, आणि मी हटकून पुसायला लावतो. हे रबर पेट्रोलियमच्या तेलात फुगतं, आणि महिन्याभरात पुन्हा गळायला लागतं.

पाणी चार-पाच दिवसांत संपतं, त्याबद्दल. उघड्या तोंडातून वाफ होऊन दोन लिटर पाणी आठवड्यात जात नाही. कुठूनतरी गळतंय. धुवून, जोडून झालं की बाटली पूर्ण भरा आणि रात्री गाडीखाली, पुढच्या दोन्ही चाकांच्या मधून बंपरपर्यंत वर्तमानपत्रं पसरा. सकाळी कागद ओला असेल तर गळती ग्रोमेट, मोटर किंवा बाटलीच्या तळाला आहे. कागद कोरडा, पण गाडी चालवल्यावर पातळी उतरते, तर एक तर तोंडातून हिंदकळून जातंय, नाहीतर भेग वरच्या अंगाला आहे. तुमचं नरडं इतके दिवस नीट झाकलेलं नाही, तेव्हा खड्ड्याखड्ड्यांतून हिंदकळून बरंच गेलं असेल. आणि मागच्या काचेचं पाणी येणं बंद झालं असेल, तर डिक्कीतला गालिचा आणि छताचं अस्तर हातानं चाचपून बघा. मागची नळी गाडीच्या आतून जाते. तिचा सांधा सुटला की पाणी आत पडतं आणि लोक महिनाभर छत कुठून गळतंय ते शोधत बसतात.

बाटली खरंच फुटलेली निघाली, तर भेग कुठं आहे ते बघा. बाटलीच्या दोन भागांच्या जोडाला किंवा मोटरच्या भोकाजवळ असेल तर बदला, तिथं काहीही चिकटत नाही. हे प्लास्टिकच असं आहे की एम-सील आणि फेव्हिक्विक दोन्ही त्यावर पकड घेत नाहीत, आठवड्यात सुटतात. सपाट अंगावरची छोटी भेग चांगला प्लास्टिक वेल्डिंगवाला बुजवून देतो, पण त्याला बंपर काढून द्यावा लागतो. मजुरीचा हिशोब नव्या बाटलीच्या जवळ गेला तर नवीच घ्या.

मोटरची खात्री करायला कान पुरेत. इग्निशन चालू, इंजिन बंद, कुणालातरी स्टेअरिंगजवळचा वायपरचा दांडा ओढायला सांगा आणि तुम्ही चाकाजवळ उभे राहा. ‘र्‌र्‌र्’ आवाज आला आणि पाणी नाही, तर जाळी, नळी किंवा नोझल. आवाजच नाही, तर आधी फ्यूज, मग प्लगला आलेला हिरवा गंज, मग मोटर. बाटली कोरडी असताना दांडा ओढून धरू नका. या मोटरला पाणीच थंड ठेवतं, कोरडी फिरवली की ती लवकर जाते. पाणी असतानाही दहा सेकंदांच्या पुढं सलग दाबून ठेवू नका. पहिल्या दाबाला नुसती हवा येऊन दोन सेकंदांनी पाणी येत असेल, तर वरचा तो छोटा व्हॉल्व्ह गेलाय, नळीतलं पाणी मागं उतरतं.

नोझलमध्ये टाचणी घालायची सगळ्यांना सवय असते. जुन्या पद्धतीचं, आत बारीक गोळी असलेलं आणि एक-दोन सरळ धारा सोडणारं नोझल असेल तर टाचणीनं दिशा बदलता येते. गाडी उभी असताना धार काचेच्या मध्याच्या थोडी वर पडू द्या. वेगात वाऱ्यानं ती खाली दाबली जाते. पण पंख्यासारखा पसरट फवारा सोडणारं नोझल असेल तर टाचणी लावू नका. त्याच्या आतला मार्गच तसा कोरलेला असतो, एक ओरखडा पडला की फवारा वाकडा. ते काढून नळीच्या बाजूनं हवा मारायची, आणि नाहीच निघालं तर व्हिनेगरमध्ये भिजत ठेवायचं. आधी बाटली धुवा आणि मगच नोझल साफ करा. उलटं केलंत तर तळातला गाळ परत त्याच भोकात येऊन बसेल.

आता पाणी. बोअरचं नको. आपल्या बऱ्याच भागात बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, आणि पुष्कळ बोअरी ती सहज ओलांडतात. तापलेल्या काचेवर ते पाणी वाळतं आणि पांढरे डाग ठेवून जातं, वायपर त्या कणांवरूनच फिरतो आणि काचेला अर्धवर्तुळाकार चरे पडतात. संध्याकाळी उन्हात ते चरे कसे चमकतात ते प्रत्येकानं पाहिलंय. आरओचं शुद्ध पाणी उत्तम. पण त्याच यंत्राच्या दुसऱ्या नळीतून वाया जाणारं पाणी बादलीत साठवून गाडीत घालू नका. पाणी वाचवायच्या चांगल्या हेतूनं हे खूप घरांत होतं. यंत्रानं गाळलेले सगळे क्षार त्या बादलीत असतात, ते बोअरपेक्षाही जड झालेलं असतं. ते फरशीला वापरा. घरच्या एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी क्षारमुक्त असतं, पण त्यात धूळ आणि बुरशी येते. फडक्यातून गाळून, द्रावण घालून लगेच वापरणार असाल तर चालेल, साठवून ठेवू नका.

साबणाबद्दल माझं मत जरा कडक आहे. भांड्यांचा लिक्विड साबण, कपड्यांची पावडर, अंगाचा शाम्पू, यातलं काहीही ‘थोडं जास्त’ घातलं की नुकसान. पावडर नीट विरघळत नाही आणि जाळीत बसते. लिक्विड साबणाचा फेस मोटरला पाण्याऐवजी हवा पाजतो, आणि काचेवर जो पातळ थर राहतो तो रात्री समोरच्या दिव्यात सगळी काच पांढरी करतो. काच धुवायचं तयार द्रावण मिळतं, ते बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणातच पाण्यात घाला. ते नसेल त्या दिवशी दोन लिटरला सौम्य शाम्पूचे चार-पाच थेंब, त्यापुढं नाही. आमचे जुने ट्रकवाले पावसात काचेवर तंबाखू चोळायचे, पाणी थेंब न धरता सपाट ओघळावं म्हणून. त्याचा उपयोग होतो हे मी पाहिलंय, पण ते काचेवर बाहेरून. कुणीतरी ऐकून बाटलीत तंबाखू भिजत घातला, तसलं करू नका.

नवं झाकण आल्यावर एक सवय लावून घ्या. उघडण्याआधी त्यावरचं चित्र वाचा. काच आणि फवारा असेल तरच पाणी घाला. बोनेटखाली याच आकाराची आणखी दोन-तीन झाकणं असतात. माझ्याकडं एक जीप आली होती, रेडिएटरच्या कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या, डब्यात कुणीतरी घाईत साबणाचं पाणी ओतलेलं. घाटात इंजिन तापलं, डब्याच्या झाकणातून फेस उसळला, आणि चालकानं गरम असतानाच ते झाकण फिरवलं. कूलंट दाबाखाली असतं, शंभर अंशांच्याही वर जातं. मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. उलटंही होतं: कूलंट काच धुवायच्या पाण्याच्या बाटलीत जातं, काचेवर तेलकट गुलाबी ओघळ येतात आणि वायपर ते आणखीच फासतो. आणि ब्रेक ऑईलच्या डब्यात पाण्याचा एक घोटसुद्धा गेला, तर गाडी जागेवरून हलवू नका, टोइंगनं न्या. लहान मुलं किंवा गाडी धुणारा मुलगा पाणी भरत असेल तर निळं झाकण बोट ठेवून दाखवा.

एवढ्या छोट्या बाटलीवर मी इतकं का बोलतोय, तर नोव्हेंबर ते मार्च आमच्या रस्त्यांवर या. उसाच्या ट्रॉल्या शेतातून चिखल घेऊन डांबरावर येतात, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर मातीनं माखलेला. तिच्या मागून येताना काचेवर एक चिखलाची चादर पडते. तुम्ही दांडा ओढता आणि पाणी येत नाही, वायपर मात्र फिरतो आणि तो चिखल सगळीकडं सारवतो. ताशी ८० किलोमीटरच्या वेगानं गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. तीन सेकंद दिसलं नाही म्हणजे ६६ मीटर आंधळे. अशा एका अपघाताची गाडी माझ्या अंगणात उभी होती. बाटली भरलेली होती, मी स्वतः पाहिली. जाळी पूर्ण बुजलेली होती. तेव्हापासून सर्व्हिसिंगला आलेल्या प्रत्येक गाडीचं पाणी मी आधी मारून बघतो, तक्रार असो नसो. हल्ली नव्या गाड्यांत काचेच्या मागं कॅमेरा असतो, लेन बघणारा, पुढचं वाहन बघणारा. काच मळली की तोही बंद पडतो.

तुम्ही उन्हाळ्यात लडाखला गाडी न्यायचं म्हणताय, म्हणून एवढंच: मनाली-लेह रस्त्यावरच्या सरचूसारख्या उंचीवरच्या मुक्कामी जून-सप्टेंबरातही पहाटे पाणी गोठतं असे दिवस येतात. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं, भरलेली बाटली आणि मोटर दोन्ही तडकू शकतात. मनालीच्या पुढं निघताना गोठणरोधक द्रावण भरा, आणि ते नळीत-नोझलपर्यंत पोचेल इतकं एकदा मारून घ्या. आधीचं साधं पाणी आत राहिलं तर उपयोग नाही. थंड देशांत मिळणाऱ्या अशा निळ्या द्रावणांपैकी काहींत मिथेनॉल असतं. ते पोटात गेलं तर दृष्टी जाते, जीवही जातो. परदेशातून कुणी आणून दिलं तर मूळ डब्यातच, मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा. सरबतासारखा त्याचा रंग असतो, शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत तर कधीही भरू नका.

खरेदीचं सांगतो. झाकण सुटं मिळतं, दुकानदार नाही म्हणाला तरी. आरसीवरचा सतरा अक्षरी चॅसिस नंबर घेऊन कंपनीच्या सुट्या भागांच्या काउंटरवर जा. एकाच मॉडेलच्या दोन वर्षांच्या गाड्यांत नरड्याचा व्यास वेगळा असू शकतो, म्हणून नुसतं गाडीचं नाव सांगू नका. बाजारातलं दुसरं घेणार असाल तर नरड्याचा बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजून न्या. तिथंच ते बसवून, उपडं करून बोटानं टिचकी मारा, निघून आलं तर नको. पट्टी आहे का आणि हवेची वाट मोकळी आहे का, तेही बघा. सोबत ग्रोमेट एक घेऊन ठेवा. झाकण आणि ग्रोमेट मिळून पूर्ण सेटच्या किमतीपुढं किरकोळ पैसे लागतात.

रविवारी सकाळी करा, दोन तास पुरतील. रात्री वर्तमानपत्र टाका. सोमवारी कागद ओला निघाला, तर ओल्या डागाचा आणि मोटरच्या जागेचा, दोन्हीचे फोटो काढून ठेवा. ते बघितले की मोटर, बाटली की नुसता नळीचा सांधा हे सांगता येईल.